वीतभर रुंद पट्टा

हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, बॉयलरच्या खोलीला चिकटून एक लांबलचक शेड आहे. वॉर्डातली एकूण एक चादर, उशीचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले इथे येऊन धुतले जातात. शेडमध्ये दोन ढकलगाड्या आहेत. लाल गाडी मळक्या कपड्यांची, पांढरी गाडी धुऊन सुकलेल्यांची. ओल्या कपड्यांना गाडी नाही. लाल गाडीत घातले तर धुतलेलं फुकट जातं आणि पांढरीत घातले तर गाडी गंजते म्हणे. हा नियम कोणत्या शहाण्याने काढला ते आता कोणालाच आठवत नाही, पण सगळे तो डोळ्यांत तेल घालून पाळतात. त्यामुळे मशीनमधून निघालेल्या ओल्या चादरी बायका टबात भरतात, टब पोटाशी कवटाळतात आणि वीस-बावीस पावलांवरच्या पिळायच्या मशीनपर्यंत नेतात. दिवसाला पन्नास खेपा तरी होतातच. तिसरी गाडी घ्यावी असं आजवर एकाही साहेबाच्या डोक्यात आलेलं नाही, कारण एकाही साहेबाने कधी टब उचललेला नाही.

घडीबाई या शेडमध्ये एकोणतीस वर्षं होती. हे तिचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. चादर दोन्ही हातांत धरून ती दोनदा झटकायची आणि तिसऱ्या झटक्याला घडी तयार, कडेला कड, सुरकुती नावाला नाही. नव्या बायका ते बघत उभ्या राहायच्या. मग कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की पगाराच्या दिवशी खरं नाव पुकारलं की ती स्वतःच इकडे तिकडे बघायची.

कामावर आली त्या पहिल्या दिवशी मुकादमीण काकूंनी तिला भिंतीशी उभं केलं होतं. फाटक्या चादरीचा वीतभर रुंद पट्टा काढला आणि म्हणाल्या, "श्वास आत घे. अजून घे. अगं, जेवून आलीयेस का काय?" आणि पोट आवळून डाव्या कुशीवर गाठ मारली. ती गाठ ओढली की आणखी घट्ट व्हायची. सोडायची तर शेपूट उलटं आत ढकलावं लागे. "पट्टा बांधला की आतलं सगळं जागच्या जागी राहतं," काकू म्हणाल्या. काकूंना हे त्यांच्या आधीच्या मुकादमिणीने सांगितलं होतं आणि तिला तिच्या आधीच्या. शेडमधल्या एकाही बाईने पट्ट्याशिवाय टब उचलला नाही. दारामागच्या खिळ्यांवर ओळीने पट्टे लटकलेले असायचे आणि प्रत्येकीला आपला कोणता ते डोळे मिटून कळायचं.

तिला एकच मुलगी. ती जन्मली तेव्हा दोन दिवस कळा सोसल्या होत्या, मूल चांगलंच अंगाने भरलेलं होतं. घडीबाई सहाव्या आठवड्यात टबापाशी हजर झाली. पट्टा तर तिने त्याआधीच, तिसऱ्या दिवसापासून बांधला होता. काकू घरी येऊन स्वतः बांधून गेल्या होत्या.

मुलगी आठ वर्षांची होती तेव्हा पहिल्यांदा ते झालं. शनिवार होता, वॉर्डात जुलाबाचे पेशंट होते म्हणून चादरींचा डोंगर आलेला. संध्याकाळी घरी येऊन ती मोरीत बसली आणि धुताना हाताला काहीतरी लागलं. मऊ, ओलसर, लहान अंड्याएवढं. दुखत नव्हतं. तिने घाबरून हात काढला, मग पुन्हा लावला. होतं तिथेच होतं. तिला वाटलं, आतलं काहीतरी तुटून खाली आलंय आणि आपण आता मरणार. ती भिंतीला पाठ लावून बसून राहिली. बाहेरून मुलगी ओरडत होती, "आई, माझी वही सापडत नाही." सकाळी उठली तर काहीच नाही. निजल्यावर ते आपोआप आत गेलं होतं. एवढ्यावर ती खूश झाली. संध्याकाळी ते परत आलं.

अंग बाहेर येतं म्हणतात ते हेच, एवढं तिला अंदाजाने कळलं. लहानपणी शेजारच्या म्हातारीबद्दल बायका तसं कुजबुजायच्या आणि पोरी जवळ आल्या की गप्प व्हायच्या. म्हणजे ते म्हातारीला होतं आणि त्याच्याबद्दल बोलायचं नसतं, अशा दोन गोष्टी तिला ठाऊक होत्या. आपण तर चौतिशीतल्या. मग कसलं बोलणं! तिने पट्टा आणखी घट्ट केला.

पुढची अठरा वर्षं तिने ते कसं लपवलं हे ऐकलं तर कोणीही कपाळावर हात मारून घेईल. आधी शिंकलं, खोकलं, हसलं की थेंब यायला लागले. तिने हसणं कमी केलं. मग लघवीला जाऊन आलं तरी अर्धी आतच राहिल्यासारखं वाटायचं, दहा मिनिटांत पुन्हा जावं लागायचं. बोटाने तो फुगवटा वर ढकलला आणि जरा पुढे वाकलं की नीट होते, हे तिचं तिनेच शोधून काढलं. जाडजूड फडक्याच्या घड्या करून वापरायला लागली. घड्या तर तिच्या हातातच होत्या. आणि सगळ्यात अक्कलहुशारीचं म्हणजे तिने पाणी पिणं सोडलं. सकाळी अर्धा कप चहा, दुपारी दोन घोट. पाणी नाही तर लघवी नाही, असा सरळ हिशेब. त्या हिशेबापायी तिचं पोट साफ होईना, आणि रोज सकाळी कुंथून कुंथून ती डोळ्यांत पाणी आणायची. त्या प्रत्येक कुंथण्याने ते आणखी खाली येत होतं, हे तिला सांगणार कोण?

शेडमधल्या बायका चेष्टा करायच्या. "घडीबाई कुठे गेली? अगं, दर घडीला जिथे जाते तिथे." तीही त्यांच्याबरोबर ओठ दाबून हसल्यासारखं करायची. गंमत बघा, ज्या वॉर्डात याच दुखण्याच्या बायका येऊन बऱ्या होऊन जात, त्या वॉर्डाच्या चादरी ती रोज घडी करत होती. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा टाका असलेल्या. शेडपासून त्या वॉर्डाचा जिना शंभर पावलांवर. अठरा वर्षांत ती एकदाही तो जिना चढली नाही, कारण चढली असती तर "कशाला आलीस?" असं कोणीतरी विचारलं असतं.

नवरा सुतार. कमी बोलणारा, पण मनाने वाईट नव्हे. तिने त्याच्यापासून दूर निजायला सुरुवात केली तेव्हा पहिले काही महिने त्याने कारण विचारलं. ती म्हणाली, "पाठ दुखते." मग त्याने तिच्यासाठी कडक फळीचा वेगळा पलंग बनवला, पाठीला बरा म्हणून. त्या पलंगावर तिला जे रडू आलं ते त्याला कधी कळलं नाही. त्याची समजूत झाली की बायकोला आपला कंटाळा आला. पुढे त्याने विचारणंही सोडलं, आणि दोघं एका खोलीत शेजाऱ्यांसारखे राहायला लागले.

एवढं सगळं तिने निभावून नेलं असतं. नेतच होती. पण मुलीला दिवस गेले.

मुलीचं लग्न होऊन ती बंदराच्या गावी गेली होती. जावई बंदरावर क्रेन चालवायचा, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. त्याला आई नव्हती. इथून तिथे बसने बारा तास. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी मुलीला प्रवास करू नका म्हणून सांगितलं, तेव्हा तिने फोन केला. "आई, मला तिकडे येता येणार नाही. तूच ये. महिनाभर राहा. तू असलीस की मला भीती नाही वाटणार."

"येते की. न यायला काय झालं?" घडीबाई म्हणाली आणि फोन ठेवल्यावर ती बोटांवर मोजायला लागली. बारा तास. बस थांबणार दोनदा.

तरी ती जाणारच होती. तिने ठरवलं, आधी सराव करायचा. एका रविवारी, आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब न घेता, पट्टा करकचून बांधून आणि तिप्पट फडकं घेऊन ती गावातल्याच लांब पल्ल्याच्या बसमध्ये बसली. शेवटच्या थांब्यापर्यंत दीड तास, परत दीड तास. तीन तास जमले तर बारा जमतील, असं तिचं म्हणणं. पहिला तास बरा गेला. मग रस्ता खराब लागला. प्रत्येक गचक्याला खालून काहीतरी ओढल्यासारखं होत होतं. तिने खिडकीची दांडी धरली, पाय आवळले, दुकानांच्या पाट्या वाचल्या. पाणी प्यायलं नाही तर लघवी येत नाही, हेही खोटं निघालं. उलट थोडीच होती, पण आगीसारखी. एका वळणावर बसने ब्रेक मारला आणि सगळं संपलं.

कंडक्टर मुलीच्या वयाचा होता. त्याने सीटकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं आणि हळूच म्हणाला, "काकू, तुम्हाला इथे उतरायचंय का?" तो चांगलाच वागला. पण त्याचं ते चांगुलपण तिला झोंबलं. ती उतरली, साडीचा पदर मागे सोडून तीन-चार तास चालत घरी आली आणि मोरीचं दार लावून साडी धुतली. चादरींवरचे किती तऱ्हांचे डाग तिने आयुष्यभर काढले होते, पण स्वतःची साडी धुताना तिला इतकी किळस आली की ओकारी झाली.

त्या संध्याकाळी तिने मुलीला फोन केला. "अगं, रजा मिळत नाहीये."

"महिन्याची नको. आठवडाभर ये."

"तेवढीही नाही. माणसं कमी आहेत."

"एकोणतीस वर्षांत तू कधी रजा घेतलीस, आई? एवढीही देत नाहीत?" मुलगी थांबली. मग म्हणाली, "रजा मिळत नाही, का यायचंच नाही?"

इथे सांगायचं होतं. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते, बस. पण पोटच्या मुलीला, तीही सात महिन्यांची गरोदर, हे कसं सांगायचं? मूल झालं की असंही होतं बरं का, म्हणून? घडीबाई मूग गिळून बसली. मुलगी म्हणाली, "बरं. राहू दे," आणि फोन ठेवला.

मुलीला तीस तास कळा आल्या. जावई रात्रपाळीवर अडकला. शेवटी तिने नर्सचा हात धरला, हे तिने नंतर एका वाक्यात सांगितलं आणि पुन्हा त्याचा उल्लेख केला नाही. मुलगा झाला. फोन मात्र त्यानंतर फक्त रविवारी यायला लागला, अकरा वाजता, दोन मिनिटं. कशी आहेस, बरी आहे, ठेवू?

आपण गेलो नाही हे घडीबाईला जिवाला लागलं होतं. निदान आपल्या हातचं काहीतरी जावं म्हणून तिने एक पट्टा केला. शेडमधली सगळ्यात मऊ झालेली जुनी चादर मागून घेतली, निळ्या टाक्याचा कोपरा कापून टाकला, दुहेरी कापड घालून कडा हाताने शिवल्या. तीनदा धुतला, इस्त्री केली आणि घडी अशी घातली की सुतारसुद्धा म्हणाला, "वा!" बरोबर चिठ्ठी लिहिली. मिळाल्या दिवसापासून बांध. श्वास पूर्ण आत घे. जेवढं सोसेल तेवढं ओढ. गाठ डाव्या कुशीवर. ती गाठ कशी मारायची ते तिने मुलीला लहानपणीच शिकवलं होतं. मी नाही, पण हा तुला धरून ठेवील, असं शेवटी लिहिलं.

यानंतर चार महिन्यांनी, एका दुपारी टब ठेवता ठेवता घडीबाई खाली बसली आणि तिला उठता येईना. सकाळपासून लघवी झाली नव्हती. ढकलून, वाकून, सगळे उपाय करून थेंब येत नव्हता. अंगात ताप होता, पोट दगडासारखं झालेलं. मुकादमीण काकू आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण त्यांनीच आरडाओरडा करून माणसं बोलावली. आणि घडीबाई त्या जिन्यावरून वर गेली, जो ती अठरा वर्षं चढली नव्हती. स्ट्रेचरही लगेच मिळेना, म्हणून पांढऱ्या गाडीत घालून तिला जिन्यापर्यंत नेलं. टबातल्या पाण्याने भिजलेल्या तिच्या साडीने सुक्या कपड्यांची ती गाडी त्या दिवशी ओली झाली तरी कोणी काही बोललं नाही.

नळी घातली तेव्हा दीड लिटर निघालं. घडीबाईला एकदम इतकं हलकं वाटलं की ती रडायला लागली. डॉक्टर एक ठेंगणी, घाईघाईने बोलणारी बाई होती. दुसऱ्या दिवशी तिने नीट तपासलं आणि विचारलं, "मावशी, हे केव्हापासून?"

"अठरा."

"अठरा दिवस?"

"वर्षं."

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं. "काम कुठे करता?"

"इथेच. मागे. लाँड्रीत."

डॉक्टरने पायाशी असलेली चादर उचलली, दोन टोकं नर्सच्या हातात दिली, दोन आपण धरली आणि चादर ताणली. "ही बघा, ही आतली भिंत. हिच्यावर लघवीची पिशवी ठेवलेली असते. बाळंतपणात ही भिंत ताणली जाते. मग वजन उचललं, खोकला झाला, कुंथलं, वय वाढलं की आणखी सैल होते." तिने चादर ढिली सोडली. मधोमध खोलगट झोळ पडला. "पिशवी अशी खाली लोंबते आणि योनीत उतरते. तुमच्या हाताला लागत होती ती हीच. तुटलेलं काही नाही. खूप बायकांना होतं हे, तरुण बायकांनाही. पिशवी लोंबली की तिचा रस्ता मुडपतो, म्हणून लघवी पूर्ण होत नाही. आत साचून राहिली, म्हणून ताप आला."

"याला इलाज नसेल ना?"

"का नसेल? लवकर आलात तर नुसत्या व्यायामानेही खूप फरक पडतो. खालचे स्नायू आवळायचे, सोडायचे. नाही तर आत बसवायची रिंग असते. त्याने भागलं नाही तर ऑपरेशन. ताप उतरला की तुम्हाला रिंग बसवून बघू."

तिसऱ्या दिवशी रिंग बसवली. मऊ, वाकणारी, बांगडीएवढी. डॉक्टरने हात धुतले, बसवली, घडीबाईला उभं केलं, चालायला लावलं, खोकायला लावलं. काही खाली आलं नाही. घड्याळ समोरच होतं. चार मिनिटं लागली होती. घडीबाई घड्याळाकडे बघत राहिली. चार मिनिटांचं काम होतं. तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिला तो पलंग आठवला, बसची सीट आठवली, आणि 'रजा मिळत नाही, का यायचंच नाही' हे आठवलं. तिला स्वतःचा इतका राग आला की डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

निघताना डॉक्टरला तिच्या कमरेवरचा वळ दिसला. एकोणतीस वर्षांच्या पट्ट्याने कातडीवर काळपट रेघ पडली होती.

"हे काय?"

घडीबाईने जरा अभिमानानेच सांगितलं. आतलं जागच्या जागी राहावं म्हणून आम्ही सगळ्या बांधतो.

"अहो मावशी," डॉक्टर हताश होऊन म्हणाली, "वरून एवढं करकचून आवळलंत तर आतलं जाणार कुठे? खालीच ना? त्यात टब उचलायचे! हे उलट खाली ढकलत होतं."

घडीबाईने विचारलं, "आणि ताजी बाळंतीण असेल तर?"

"तिने तर असं मुळीच बांधू नये. आतलं सगळं आधीच सैल असतं."

घरी सुताराला सगळं कळलंच होतं, हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद हातात धरून बराच वेळ बसला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं की तुला..." आणि त्याने कागदाची घडी घातली. तो उठून बाहेर गेला. अठरा वर्षांनी आता त्यावर बोलण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

ती गुरुवारी घरी आली होती. फोन तेव्हाच करायचा, हे तिला कळत होतं. हातात फोन घेऊन ती चारदा बसली. पण पट्टा सोड म्हटलं की का ते सांगावं लागणार, का ते सांगितलं की न येण्याचं कारण निघणार, आणि मग सहा महिन्यांचं खोटं उघडं पडणार. रविवारी फोन येईलच, तेव्हा बोलू, असं तिने ठरवलं. शुक्रवारी मुलगी पट्टा बांधेल, शनिवारीही बांधेल, हे तिला माहीत होतं. तरी तिने रविवारपर्यंत थांबायचं ठरवलं. अठरा वर्षं जे अंगवळणी पडलं होतं ते तीन दिवसांत कसं सुटावं!

शुक्रवारी ती शेडमध्ये गेली. वजन उचलायला बंदी होती म्हणून तिला घडीच्या टेबलापाशी बसवलं. तिने बायकांना पट्ट्याचं सांगितलं, डॉक्टर म्हणाली तसंच. मग एक म्हणाली, "पट्टा सोडला तर टब कसा उचलायचा? कंबर मोडेल." दुसरी म्हणाली, "डॉक्टरीणबाईला म्हणावं, ये आणि दोन टब उचलून दाखव." सगळ्या हसल्या. मुकादमीण काकू तेवढ्या हसल्या नाहीत. त्या खिळ्यांकडे बघत म्हणाल्या, "मी किती जणींना बांधला गं हा?" मशीन थांबल्याबरोबर बायका पट्टे बांधून टबांकडे गेल्या.

रविवारी अकराला फोन वाजला.

"कशी आहेस?" मुलीने विचारलं.

"बरी आहे. तू? बाळ?"

"बरंय. ठेवू?"

"थांब," घडीबाई म्हणाली. "पट्टा बांधतेस का गं?"

मुलीचा आवाज इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मऊ झाला. "रोज बांधते. आत्ताही बांधलाय. खरं सांगू, आई? तुझा फार राग आला होता मला. अजूनही आहे. पण तो पट्टा बांधला की वाटतं, तूच मागून धरलंयस."

घडीबाई म्हणाली, "सोड तो. आत्ताच सोड."

"का गं?"

"डॉक्टर म्हणतात, बांधू नये."

"कोण डॉक्टर?" मुलीने विचारलं. मग तिने आवाज खाली आणला. "आई, एक विचारू? बाळाला उचललं ना की मला खाली काहीतरी येतंय असं वाटतं. संध्याकाळी जास्त. मला वाटलं पट्टा सैल राहतोय, म्हणून हल्ली मी आणखी ओढते. तुला झालं होतं का कधी असं?"

"नाही," घडीबाई म्हणाली. विचार करायच्या आतच तो शब्द तोंडातून निघून गेला.

"नाही ना? मग मलाच काहीतरी झालंय," मुलगी म्हणाली. तो आवाज घडीबाईने ओळखला. मोरीत भिंतीला पाठ लावून बसलेल्या बाईचा होता तो.

"झालं होतं," ती म्हणाली. "मला झालं होतं. तू आठ वर्षांची होतीस तेव्हापासून." आणि मग तिने सगळं सांगितलं. अंड्याएवढं काय ते, फडकी, पाणी, बस, कंडक्टर, साडी. एका दमात, रडत रडत. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा, आत्ताच गेलीस तर व्यायामाने बरं होईल, असंही सांगितलं.

पलीकडून बाळाचं कुरकुरणं ऐकू आलं.

"म्हणून तू आली नाहीस," मुलगी म्हणाली.

"हो."

"आणि तुला स्वतःला एवढं होत असताना, आई, मला तोच पट्टा पाठवलास?"

"मला वाटलं गं, त्यानेच मी उभी आहे."

मुलीने फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. बाळ रडायला लागलं होतं. कापडाची ओढाताण ऐकू येत होती, मग मुलीचा धापा टाकणारा आवाज. "सुटत नाहीये. आई, गाठ सुटत नाहीये. आज फार ओढली मी."

"ओढू नकोस! ओढलीस की घट्ट होते. श्वास आत घे. शेपूट धर, उलटं आत ढकल. डाव्या हाताने नाही, उजव्या. हळू." घडीबाईची बोटं स्वतःच्या रिकाम्या कमरेवर तीच गाठ सोडत होती. "सुटली का? जरा चाचपून बघ, सुटली का?"

"नाही," मुलगी रडत म्हणाली. "तू इथे असायला हवी होतीस."

"हो," घडीबाई म्हणाली.